अनुदान कुणाच्या खात्यात?

तीन वर्षांपूर्वी एका रात्री दीडच्या सुमारास आण्णांच्या छातीत भरून आलं. कोल्हापुरातल्याच एका खासगी दवाखान्यात त्यांना नेलं. जिन्यावरून डोळे चोळत एक पोरगा उतरला, अंगात पांढरा कोट, पायात स्लीपर. ईसीजीच्या वायरी लावता लावता त्यानं विचारलं, दुखणं कधीपासून, हात जड झालाय का, घाम आला का, बीपीची गोळी कुठली, संध्याकाळची घेतली का चुकली. मग मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोन मिनिटांत सगळी हकीकत अशी नेमकी सांगितली की पलीकडच्या माणसाला आण्णा डोळ्यांसमोर दिसले असतील. पित्ताचं दुखणं निघालं, आण्णा सकाळी भाकरी मागायला लागले. पहाटे समोरच्या टपरीवर चहा घेताना मी त्या पोराला डॉक्टर म्हटलं, तर तो हसला. "आरएमओ हाय मी. बीएचएमएस केलंय. मोठे सर नऊला येत्यात, रात्र आमची." आरएमओ म्हणजे दवाखान्यात मुक्कामी राहून पाळी करणारा डॉक्टर, आणि बीएचएमएस ही होमिओपॅथीची पदवी. पोरगा चंदगडकडचा होता.

हे सगळं शिकलास कुठं, म्हणून विचारलं. "बघून बघून," तो म्हणाला.

या दोन शब्दांवर महाराष्ट्रातल्या खासगी दवाखान्यांच्या रात्री चालतात. १०८ च्या रुग्णवाहिकेत बसणारे डॉक्टरही बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर असतात. मी त्या पोराला नावं ठेवत नाही, माझ्या वडिलांना त्यानंच नीट पाहिलं. पण त्या रात्री त्यानं जे काम केलं, त्याचं शिक्षण त्याला कुणी दिलं नव्हतं, त्याची परीक्षा झाली नव्हती, आणि काही उलटंसुलटं झालं असतं तर जबाबदार कोण, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. हेच काम जगात काही ठिकाणी शिकवून, परीक्षा घेऊन, नोंदणी करून दिलं जातं. त्या माणसाला फिजिशियन असिस्टंट म्हणतात. आपल्या कायद्यात त्याचं नाव फिजिशियन असोसिएट असं आहे. आपण वैद्यक सहायक म्हणू. रुग्णाची हकीकत घेणं, तपासणं, ठरलेल्या चौकटीत उपचार सुरू करणं, टाके घालणं, पुन्हा तपासणीला आलेल्यांचा पाठपुरावा ठेवणं, आणि हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली करणं, हे त्याचं काम. कंपाउंडर वेगळा, नर्स वेगळी, हा वेगळा.

तेव्हा प्रश्न असा की, हा माणूस घडवायला सरकारनं पैसे घालावेत का, आणि घालायचे तर कुणाच्या हातात द्यावेत? पहिल्या अर्ध्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. दुसरा अर्धा जास्त अवघड आहे, आणि आपल्याकडची चर्चा तिथपर्यंत पोचतच नाही.

या व्यवसायाचा जन्म अमेरिकेतला. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड नावाच्या डॉक्टरांनी पहिला वर्ग सुरू केला. विद्यार्थी चार, चौघेही नौदलात जखमींची शुश्रूषा केलेले. लढाईच्या जागी जखमा बांधणारा, सुया टोचणारा, माणूस वाचवणारा हा गडी घरी परतला की त्याच्या कौशल्याला विचारणारं कुणी नव्हतं. आमच्या आरएमओसारखंच, बघून बघून शिकलेला. स्टेडनी त्याला दोन वर्षं पद्धतशीर शिकवलं. १९६७ मध्ये त्यातले तिघे पास होऊन बाहेर पडले. आज तिथं असे दीड लाखाहून अधिक लोक आहेत.

तीन माणसांपासून दीड लाखांपर्यंतचा हा पल्ला नुसत्या बाजारानं गाठलेला नाही. १९७१ मध्ये तिथल्या संसदेनं वैद्यकीय मनुष्यबळाचा एक कायदा केला आणि त्यातून या अभ्यासक्रमांना सरकारी पैसा मिळू लागला. पुढे सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या सातव्या भागात, कलम ७४७ खाली, प्राथमिक आरोग्याच्या प्रशिक्षणाची अनुदानं स्थिरावली. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यानं त्या कलमात एक ओळ घातली, की यातला किमान १५ टक्के पैसा वैद्यक सहायकांच्या प्रशिक्षणालाच गेला पाहिजे. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमांनी सगळं ताट ओढून घेऊ नये म्हणून वाटा आधीच बाजूला काढून ठेवला. त्याच वर्षी सुमारे ३ कोटी डॉलर वेगळे काढून सहाशेहून अधिक नवे वैद्यक सहायक घडवायची पाच वर्षांची योजना आली. त्यात विद्यार्थ्यामागे वर्षाला २२ हजार डॉलर विद्यावेतन धरलं होतं. म्हणजे जागा वाढवायला पैसे दिले, पण ते शिकणाऱ्याच्या पोटापाण्याच्या नावानं दिले.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. इतकी दशकं पैसा घालूनही अमेरिकेतल्या वैद्यक सहायकांपैकी आज साधारण चौथा हिस्साच प्राथमिक आरोग्यसेवेत काम करतो. बाकीचे हाडांच्या दवाखान्यात, शस्त्रक्रिया विभागात, त्वचारोगाच्या चकचकीत क्लिनिकात. पगार जिकडे, पाय तिकडे. शिक्षणाला पैसा दिला म्हणून शिकलेला माणूस हव्या त्या गावी जाऊन बसतो, असं होत नाही. शिक्षणानंतरची दोरीही सरकारच्याच हातात असावी लागते. त्यांच्याकडे नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर नावाची एक योजना आहे. डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात दोन वर्षं काम केलं की शिक्षणाच्या कर्जातला मोठा भाग सरकार फेडतं. तिथं जी काही माणसं खेड्यात टिकली, त्यांच्यामागे अशी दोरी होती.

आपल्याकडे हा व्यवसाय आला १९९२ मध्ये, चेन्नईत. हृदयशल्यविशारद के. एम. चेरियन यांनी मद्रास मेडिकल मिशनमध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू केला. पुढे दक्षिणेतल्या बऱ्याच खासगी विद्यापीठांनी तो उचलला. शिकलेली मुलं गेली कुठं? हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात, आयसीयूत, मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांत. त्यात त्यांचा दोष काही नाही. फी बापानं कर्ज काढून भरली असेल, तर पोरगं कर्ज फिटेल तिथंच नोकरी धरणार. २०२१ मध्ये संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला, त्याच्या परिशिष्टात फिजिशियन असोसिएटचं नाव घातलं. नाव मिळालं, नोंदणीची वाट मोकळी झाली. पण सरकारी रुग्णालयाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पद नाही, आणि जिथं पद नाही तिथं पगाराचं हेड, म्हणजे अर्थसंकल्पातलं खातं, नाही. सरकारी कामकाज ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना या वाक्याचं वजन कळेल.

आता नकाशा काढा. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके. पूर्वेला शिरोळ-हातकणंगले, ऊस, कारखाने, रस्ते, दर चौकात दवाखाना. पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. डोंगर, पाऊस, वाड्या-वस्त्या. गगनबावड्याहून शहर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, पण जुलैत ते अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. चंदगडची माणसं कोल्हापूरपेक्षा बेळगाव गाठतात, परराज्य असलं तरी. या सगळ्या पट्ट्यात डॉक्टर दोन वेळा भेटतो, एकदा ओपीडीच्या वेळेत आणि एकदा "सीपीआरला न्या" म्हणताना. उसाच्या फडात साप चावला, सीपीआरला न्या. बाळंतीण अडली, सीपीआरला न्या. म्हाताऱ्याला दम लागला, सीपीआरला न्या. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जिल्ह्याचा शेवटचा आधार. तिथल्या जमिनीवर अंथरलेल्या चादरी आणि जिन्यात बसलेले नातेवाईक ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा, इथं आलेल्या कितीजणांचं काम तालुक्यातच झालं असतं? आकडा माझ्याकडे नाही. पण तिथल्या नर्स बायकांना तो चेहऱ्यावरून सांगता येतो.

ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर आळशी असतो म्हणून रेफर करतो, असं मला वाटत नाही. तो एकटा असतो. एकटा माणूस ओपीडी करेल, का शवविच्छेदन, का कोर्टात साक्षीला जाईल, का सलाईन लावलेल्या पेशंटपाशी दोन तास थांबून उतार पडतोय का बघेल? यातलं शेवटचं काम सगळ्यात आधी सुटतं. आणि नेमकं तेच काम शिकवलेला वैद्यक सहायक करू शकतो. डॉक्टरची खुर्ची त्याला नको असते. डॉक्टरला दुसरे हात मिळतात, तेवढंच.

इथं तीन हरकती येतात, आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिली: हे लोक आधीच आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ मध्ये आयुष्मान भारतखाली उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. महाराष्ट्रात तिथं बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून बसले. त्यांनी गावोगाव बीपी-शुगर तपासलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ते उपकेंद्रात एकटे बसतात, शेजारी शिकवायला डॉक्टर नसतो. अर्धा दिवस ॲपमध्ये माहिती भरण्यात जातो, आणि पगाराचा एक भाग कामाच्या निकषांवर लटकलेला, तोही कंत्राटी. त्यांना वैद्यक सहायक म्हणणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत सोडलेल्या माणसाला जीवरक्षक म्हणण्यासारखं आहे. उलट माझं म्हणणं असं की, या अनुदानाची पहिली संधी त्यांनाच द्यावी. त्यांच्या अनुभवाचे गुण धरून दीड-दोन वर्षांचा पूल बांधावा. नौदलातल्या त्या चौघांचंही तेच झालं होतं.

दुसरी हरकत: त्यापेक्षा एमबीबीएसच्या जागा वाढवा. वाढवल्या की. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या ५१ हजारांच्या आसपास जागा होत्या, आज त्या एक लाखाच्या बऱ्याच वर गेल्या आहेत. तालुक्यातली खुर्ची तेवढ्या वेगानं भरलेली कुणाला दिसली? सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला आपल्या राज्यात एक वर्ष बंधपत्रित सेवा आहे, आणि ती टाळायची तर दहा लाख रुपये भरायची वाट वर्षानुवर्षं होती. ज्याच्या घरी दहा लाख होते तो ते भरून मोकळा व्हायचा. ज्याच्याकडे नाहीत तो येतो, पण बॅगेत पदव्युत्तर परीक्षेची पुस्तकं घेऊन. मी त्यालाही दोष देत नाही. साडेपाच वर्षं ज्या शिक्षणानं त्याला मोठ्या इस्पितळासाठी घडवलं, ते शिक्षण त्याला गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी दहा वर्षं कसं ठेवेल?

तिसरी हरकत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट: खेड्याला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का? १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला तेव्हाही हाच वाद झाला होता. तेव्हा आपल्याकडे लायसेन्शिएट डॉक्टर होते, मुंबई इलाख्यात एलसीपीएस म्हणायचे. पदवीधरापेक्षा कमी वर्षं शिकलेले, पण खेडोपाडी दवाखाने चालवणारे तेच. समितीच्या बहुमतानं ठरवलं, आता एकच दर्जा, पदवीधर डॉक्टर. सहा सदस्यांनी भिन्न मत नोंदवलं, की देशात डॉक्टरच एवढे कमी आहेत तर ही वाट बंद करू नका. वाट बंद झाली. एलसीपीएसची पाटी असलेला दवाखाना आमच्या आजोळच्या गावात माझ्या लहानपणापर्यंत होता, मग तो डॉक्टर गेला आणि त्या जागी किराणा दुकान आलं. खेड्याला एक नंबरचा डॉक्टर मिळाला नाही, आणि दोन नंबरचाही गेला.

दर्जाबद्दल तर्क लढवण्यापेक्षा छत्तीसगड पाहावं. नवं राज्य झाल्याबरोबर, २००१ मध्ये, त्यांनी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. त्यातून निघालेल्यांना पुढे ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलं. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाच्या संशोधकांनी त्यांची आणि एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांची प्राथमिक आजारांवरच्या उपचारात तुलना केली, तर कौशल्यात दोघे जवळपास सारखे निघाले. तरीही तो अभ्यासक्रम काही वर्षांतच गुंडाळला गेला. पोरं शिकत असतानाच त्यांच्या पदविकेचं नाव बदललं. पुढं काय, कुठं नोंदणी, कुठली बढती, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मुलं रस्त्यावर उतरली, डॉक्टरांच्या संघटना विरोधात होत्याच. कामात नापास झालेला प्रयोग नव्हता तो. सरकारनं आधी वर्ग भरवला आणि पद नंतर शोधलं, तिथं तो बुडाला. आसामातही अशाच पदविकाधारकांचा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयात रद्द झाला आणि त्यांचं भवितव्य २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाच्या दारात ताटकळत राहिलं.

पलीकडच्या टोकाला ब्रिटन आहे, आणि तिकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तिथं वैद्यक सहायकांची संख्या वाढवण्याचा सपाटा लावला. जनरल प्रॅक्टिसमध्ये ते नवे पेशंट थेट बघू लागले, आणि आपण डॉक्टरला भेटलो का आणखी कुणाला, हेच लोकांना कळेना. गदारोळ झाला, चौकशी नेमली. जुलै २०२५ मध्ये चौकशीप्रमुख लेंग यांचा अहवाल आला. त्यानं सांगितलं, यांना असोसिएट म्हणू नका, असिस्टंट म्हणा. आणि ज्याचं निदानच अजून झालेलं नाही असा नवा पेशंट त्यांनी आधी हाताळू नये. मला हा अहवाल या व्यवसायाच्या विरोधातला वाटत नाही. नाव आणि हद्द आधी ठरवा, मग माणसं नेमा, इतकंच तो म्हणतो. आपल्याकडे हद्दीचा प्रश्न दुप्पट कठीण आहे, कारण गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की गाव त्याला डाक्टरच म्हणणार, कोटावर काहीही शिवा. होमिओपॅथीवाल्यांच्या सीसीएमपी या आधुनिक औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात जो रणसंग्राम झाला, तो सगळा याच न ठरवलेल्या हद्दीचा होता. वर्षभर औषधशास्त्र शिकून तुम्ही स्वतंत्र प्रॅक्टिस करा म्हणायचं, का तीन-चार वर्षं शिकून दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करा म्हणायचं? मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.

बरं, महाराष्ट्राला हे सगळं परकं आहे असंही नाही. १९७० पासून जामखेडला आरोळे दांपत्यानं गावातल्या न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. डॉक्टर नसलेला माणूस, नीट शिकवला आणि पाठीशी कुणी उभा राहिला तर काय करू शकतो, हे जगाला दाखवणाऱ्या राज्यात आपण राहतो. मग सरकारी पैशाचा विषय निघाला की आपली बुद्धी इमारतीच्या पुढं का जात नाही?

कारण इमारतीचं टेंडर निघतं. हे कडवट वाटेल, पण महाविद्यालयाला दिलेलं अनुदान भिंतीत जातं, लॅबच्या फरशीत जातं, आणि विद्यार्थी शहरात राहून शहरातच रुजतो. फी माफ होते ती कागदावर. सरकारकडून फीच्या परतफेडीचे हप्ते रेंगाळले की संस्था मुलांनाच तगादा लावते, हे पालकांना ठाऊक आहे. फी माफ झाली तरी खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास उरतोच, आणि आजऱ्याच्या पोराचं शिक्षण फीवर जेवढं अडतं तेवढंच या खर्चावर अडतं.

ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरातल्या एका माणसाला कळली होती. शाहू महाराजांनी नुसत्या शाळा काढून भागवलं नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, आणि मग एकामागून एक, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातलं पोर शिकायचं तर त्याला आधी दोन वेळचं जेवण आणि छप्पर लागतं, हे ओळखून पैसा तिथं घातला. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. आणि आपल्या विषयाच्या आणखी जवळचा दाखला हवा असेल तर सीपीआरच्याच आवारात सापडतो. त्याचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींना तिथल्या स्त्रियांच्या विभागावर संस्थानानं नेमलं होतं. पण १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, रुजू होणं राहूनच गेलं. पुढे संस्थानानं कृष्णाबाई केळवकरांच्या विलायतेतल्या शिक्षणाला पैसा दिला, आणि त्या शिकून परत येऊन त्याच दवाखान्यात बायकांची बाळंतपणं करत राहिल्या. पैसा शिकणाऱ्याला, शिकल्यावर जायची जागा आधीच ठरलेली, पगार संस्थानचा. ही योजना आजच्या मंत्रालयातल्या फायलीत जशीच्या तशी उतरवता येईल.

म्हणून आधी पद. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि मोठ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यक सहायकाची कायम पदं आकृतिबंधात मंजूर व्हावीत, वेतनश्रेणी आणि वरच्या पायरीसकट. जितकी पदं तितक्याच अनुदानित जागा, एकही जास्त नको. विद्यार्थी तालुक्यातूनच निवडावा. पश्चिमेच्या सहा तालुक्यांतल्या मुला-मुलींना प्राधान्य द्या, कारण परत जायला घर असलेला माणूस परत जातो. विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला त्याच्या खात्यात जावं, संस्थेमार्फत नाही. पहिलं दीड वर्ष शरीरशास्त्र, औषधशास्त्र वगैरे शहरात, आणि उरलेला निम्म्याहून जास्त काळ तालुक्याच्या रुग्णालयात, तिथल्या डॉक्टरच्या हाताखाली. त्या डॉक्टरला शिकवण्याचं मानधन द्यायचं, आणि तेही अनुदानातूनच. हा खर्च कुणी धरत नाही. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकट्या पडलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला शिकाऊ मिळाला की त्याची रात्र बदलते, शिवाय दरवर्षी दोन पोरं तयार केली हे त्याच्या सेवापुस्तकात नोंदलं तर तोही थोडा टिकेल. महाविद्यालयाला पैसा द्यायचा तर हप्त्यांनी द्यावा, आणि शेवटचा हप्ता त्यांचा विद्यार्थी तालुक्यात दोन वर्षं टिकल्यावर. इतकी अट घातली की किती संस्था अर्ज करतात ते बघू. बहुधा कमी करतील. चालेल.

दहा लाखांचं बंधपत्र मात्र नको. गरिबाला बांधणारी आणि श्रीमंताला सोडणारी ती दोरी आहे. शहरातले खासगी दवाखाने या मुलांना जास्त पगार देऊन ओढतील, ही भीती खरी आहे. थोडे जातीलही. ते गेले तरी त्या रात्रीच्या वॉर्डात बघून बघून शिकलेल्याऐवजी शिकवलेला माणूस उभा असेल, हे मी पूर्ण तोटा मानत नाही. पण पहिल्या पाच वर्षांत अर्ध्याहून जास्त गेले, तर योजना फसली म्हणून मान्य करून थांबवावी, इतका प्रामाणिकपणा फायलीतच लिहून ठेवावा.

लेख लिहायच्या आधी माझ्या मावसबहिणीच्या मुलाशी बोललो. आजऱ्याजवळ राहतो, बारावी सायन्स, नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत, बीएएमएसची खासगी फी घरच्यांना झेपत नाही. सध्या डी.फार्मचा फॉर्म भरून बसलाय. त्याला हे सगळं सांगितलं, अमेरिका, छत्तीसगड, शाहू महाराज. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, पद कायम हाय का कंत्राटी?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, अजून पदच नाही.

"मग डी.फार्मच बरं," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला. फॉर्मची शेवटची तारीख परवाच आहे.